दातिवऱ्याचं काळं शीड

ऑर्का बघायला पालघरकडे चालले आहे असं सांगितलं, तेव्हा आमच्या कराडच्या शेजारीणबाईंनी विचारलं, "नवीन रिसॉर्ट आहे का?" मी नाही म्हटलं नाही. साठी उलटल्यावर माणसाला खुलासे करायचा कंटाळा येतो. मला तर तो तिशीपासूनच आहे. कॉलेजात जीवशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, त्याचा हा परिणाम असावा.

पण वाचकांना खुलासा करणं भाग आहे. ऑर्का म्हणजे किलर व्हेल. नावात व्हेल असला तरी घराणं डॉल्फिनचं, त्या घराण्यातला सगळ्यात थोरला. पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरं, डोळ्यामागे चुन्याचं बोट पुसावं तसा पांढरा डाग. नराच्या पाठीवरचं पर, म्हणजे उभा पंख, माणसाच्या उंचीएवढं वाढतं. थंड समुद्रात हे प्राणी पुष्कळ आणि त्यांचा अभ्यासही पुष्कळ. आपल्या अरबी समुद्रात मात्र ते कधीमधी दिसतात आणि कुणी वही उघडेपर्यंत निघून जातात. निवृत्तीनंतर मी समुद्रातल्या सस्तन प्राण्यांवर मराठीत पुस्तक लिहायला घेतलं आहे. त्यातलं ऑर्काचं प्रकरण सगळं बर्फाच्या पाण्यातलं झालं होतं. कराडच्या उन्हात बसून ते वाचताना मलाच खोटं वाटायचं.

अशात सुजाताने एक व्हिडिओ पाठवला. सुजाता माझी जुनी विद्यार्थिनी, बोईसरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. दातिवऱ्याच्या नितेश नावाच्या ओळखीतल्या मच्छीमाराने तो होडीतून काढला होता. हलणारी होडी, कुणाचं तरी ओरडणं, आणि पाण्यातून उभं राहिलेलं काहीतरी काळं, उंच. एवढंच. खाली सुजाताने लिहिलं होतं, "बाई, हाच ना तो?" हाच होता. गुडघ्यांना न विचारता मी बॅग भरली.

सप्तमी, सरावली

तारखांऐवजी तिथ्या का लिहिते आहे, ते पुढे कळेल.

बोईसरला उतरलं की गाव डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. रिक्षावाला हिंदीत बोलला, मी माझ्या कराडी हिंदीत उत्तर दिलं, आणि त्याने दयेने मला बरोबर जागी सोडलं. सरावलीत सुजाताच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर आहेत. जिन्यात निरनिराळ्या प्रांतांच्या फोडण्यांचे वास एकमेकांत मिसळलेले होते आणि त्या सगळ्यांच्या वर कारखान्यांचा तो एक आंबूस वास. "आम्हाला आता येत नाही तो," सुजाता म्हणाली.

जेवताना माझ्यातली शिक्षिका जागी झाली. समुद्रात गेलेलं विष कसं छोट्या माशातून मोठ्या माशात आणि शेवटी ऑर्काच्या चरबीत साठतं, ते मी सांगू लागले. आई त्यातलं बरंचसं दुधातून पिल्लाला देते. पहिलटकरणीच्या पिल्लाच्या वाट्याला सगळ्यात जास्त येतं. सुजाताने शेजारी भात कालवत बसलेल्या तिच्या मुलीकडे पाहिलं. "बाई, जेवताना नको," ती म्हणाली. माझी ही खोड जुनी आहे. समोरचा काय ऐकण्याच्या स्थितीत आहे ते न बघता मी खरं ते सांगून टाकते.

मग तिने खरं काम काढलं. तिचा नवरा काम करतो त्या कारखान्यात नितेशला नोकरी मिळण्याजोगी होती. खालच्या मजल्यावरची एक खोलीही रिकामी होत होती. पुढच्या आठवड्यात होय की नाही ते कळवायचं होतं. पण नितेश गेला तर होडी विकावी लागणार, कारण वडील वारल्यापासून होडीवर तांडेल, म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या, तोच. बाकी दोघे खलाशी मासवणकडचे, शेतीचा हंगाम आला की गावी जाणारे.

"त्याची आई होय म्हणत नाही, बाई. नाहीही म्हणत नाही. आणि तो तिच्या होयशिवाय हलणार नाही. तुम्ही जाताच आहात, तर जरा बघा."

"मी ऑर्का बघायला आलेय, सुजाता."

"हो ना. तेच बघता बघता."

अष्टमी, दातिवरे

सफाळ्याहून एसटीने दातिवऱ्याला पोचले तर सगळ्या होड्या ओळीने विसावलेल्या. किनाऱ्यावर माणसं जाळ्यांना टाके घालत बसलेली. कुणालाही कसली घाई नव्हती. मला वाटलं, कुणीतरी गेलं असावं.

नितेशची आई भीमाबाय ओटीवर बसून सुकट पाखडत होती. सत्तरीच्या आसपास, हातापायांनी काटक, आणि समोरच्याला न्याहाळताना सुपाची लय न चुकवणारी. माझी बॅग, माझी टोपी, माझी दुर्बीण, सगळं बघून झाल्यावर ती म्हणाली, "बाय, तू अष्टमीला कशाला आलीस?"

मी म्हटलं, "रिझर्वेशन मिळालं म्हणून."

ती इतकी हसली की शेजारच्या ओटीवरच्या दोघी उठून विचारायला आल्या. तिघींनी मिळून मला समजावलं. इथली जाळी डोलीची. समुद्रात रोवलेल्या खांबांना पिशवीसारखं मोठं जाळं बांधायचं, आणि भरती-ओहोटीच्या पाण्याच्या जोराने मासा आपणहून त्यात शिरायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी धावतं. अष्टमीला ते मरतं. त्याला भांगाचं पाणी म्हणतात. त्या पाण्यात जाळं फुगतच नाही, मग होडी कशाला नेणार? आमच्याकडे अष्टमी म्हणजे फार तर कुणाचा उपास. इथे अष्टमीला अख्ख्या गावाची सुट्टी असते, आणि मी नेमकी त्या सुट्टीत कचेरीचं दार वाजवायला आले होते. द्वादशीपर्यंत होडी निघणार नव्हती.

"ऱ्हा आता," भीमाबाय म्हणाली. "खा, पी. मासा काय पळून जातो?"

मासा पळूनच गेला होता, पण तेवढं बोलायचं त्राण माझ्यात नव्हतं.

दुपारी तांदळाची भाकरी आणि मांदेलीचं कालवण झालं. काटे काढण्यात माझा इतका वेळ गेला की शेवटी भीमाबायने माझं ताट ओढून घेतलं, मासे सोलून दिले आणि ताट परत सरकवलं. मला माझी आई आठवली. पोटभर जेवल्यावर आईची आठवण येणं हेही वयाचंच लक्षण.

नितेश तिशीचा, शांत, खाली मान घालून बोलणारा. त्याने मला व्हिडिओच्या आधीचं आणि नंतरचं सांगितलं. "मना वाटलं, कुनाचं शीड हाय. मंग म्हटलं, आता शिडाच्या होड्या कुठं ऱ्हायल्या? तवर शीड पान्यात गेलं नि परत वर आलं." ते काळं शीड एकटं नव्हतं. त्याच्यापुढे बारक्या शिडाचा एक मासा होता आणि मागे एक लहानगा. तिघं संथपणे दक्षिणेला गेले. होडीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"पुढे कोण होतं? बारक्या शिडाचा? नक्की?"

"नक्की. मोठा तिच्या मागनं मागनं."

माझी झोपच उडाली. ऑर्कांत मादीचं पर आखूड असतं. पुढे मादी, मागे तो धिप्पाड नर. म्हणजे बहुधा आई आणि तिचा मुलगा. माझं बर्फातलं प्रकरण दातिवऱ्याच्या पाण्यात उतरलं होतं, आणि मी ते पाच-सहा दिवसांनी चुकवलं होतं. फार वाईट वाटलं, ते लपवत नाही.

ते दिसले त्याच्या दुसऱ्याच दिवशी भीमाबायने खाडीच्या तोंडाशी नारळ सोडला होता. का, असं विचारलं तर म्हणाली, "पावना आला नि उपाशी गेला. आमच्या दारात तरी काय ऱ्हायलंय त्याला द्यायला?"

संध्याकाळी किनाऱ्यावर फिरताना नितेश बराच वेळ घुटमळला आणि मग बोलला. त्याने मोबाईलवर या माशाबद्दल सगळं बघून काढलं होतं.

"मॅडम, आयेला बाकी सगलं सांगा. फकस्त एक नका सांगू. त्यांची पोरं आयेला सोडून कवाच जात नाय, ते."

तो पायाने वाळूत रेघ ओढत राहिला.

"ती आधीच गप्प हाय. ते ऐकलं तर मंग झालंच. मी जायला बसलोय असं नाय मॅडम. पन जालं रिकामं येतं. किती दिस रिकामं आनायचं? माजी बायको माहेराला जाऊन बसलीय, म्हनते खोली घे मंग येते."

मी म्हटलं, "मी आपणहून विषय काढणार नाही." कबूल करताना वाटलं, यात काय अवघड आहे.

दशमी

दोन दिवस मी ओटीवर बसून काढले. या घराची रीत हळूहळू लक्षात आली. समुद्रावर जायचे ते पुरुष, पण खांब रोवलेल्या चार जागांपैकी कुठल्या जागेवर जाळं बांधायचं ते ठरवायची भीमाबाय. नवरा होता तेव्हाही तीच ठरवायची. ती कधी होडीत बसली नव्हती. बाजारात शेजारणींच्या टोपल्यांत काय आलंय, पाण्याचा रंग काय, पक्षी कुठे उतरतायत, वारा कालचा की आजचा, एवढ्यावर ती सांगायची. एकेकाळी दुसऱ्या होड्यांचे तांडेलही सहज आल्यासारखं करून ओटीवर टेकायचे आणि जाता जाता "काय भीमाबाय, उद्या कुठं?" असं विचारायचे. माझ्या दोन दिवसांत कुणी टेकलं नाही.

मी पुरती आंबून गेले होते. पाठ धरलेली, डोळ्यांत खारट वारा, अंगाला, केसांना, वहीलासुद्धा बोंबलांचा वास. घरी जावंसं वाटत होतं. आणि दशमीला संध्याकाळी आळीतल्या बायका माझ्याभोवती जमल्या. "त्या माशाचं सांग की, बाय."

मी सांगितलं. तो मासाच नाही, आपल्यासारखा गरम रक्ताचा, श्वासाला वर येणारा, पिल्लाला दूध पाजणारा. मादी जवळपास दीड वर्ष पोटुशी राहते म्हटल्यावर एकजण "आगं आये गं" म्हणाली. कुठले कळप नुसता मासा खातात, कुठले सील मारतात, आणि शेजारच्या पाण्यात राहूनही एकमेकांच्या ताटाला शिवत नाहीत. प्रत्येक घराण्याची बोली वेगळी, ती पिल्लू आईकडून शिकतं. हे ऐकून बायकांना मुळीच नवल वाटलं नाही. "आमची नि पलीकडच्या गावची पन येगली हाय," असं म्हणून त्यांनी एकमेकींना चिडवून घेतलं.

"माणसाला खातो काय?" कुणीतरी विचारलं.

मोकळ्या समुद्रात त्याने माणूस मारल्याची नोंद नाही, असं मी सांगितलं. तिकडे लांब, पश्चिमेच्या समुद्रात, काही ऑर्का होड्यांची सुकाणं मोडतात, तेही सांगितलं. न सांगून चाललं असतं.

मग मी माझ्या आवडीच्या भागाशी आले. चाळिशीच्या पुढे त्यांच्या बायकांना पिल्लं होणं थांबतं, आणि तरी त्या पुढे कितीतरी वर्षं जगतात. जनावरांत हे फार विरळा. एरवी पिल्लं होणं संपलं की जनावराचं जगणंही संपत आलेलं असतं. पण या म्हाताऱ्या घराला लागतात. मासा कमी होतो त्या वर्षी म्हातारी पुढे होते आणि बाकीचे तिच्या मागे. आपला मासा ती मोडून मुलांना देते. कारण दुष्काळाची जुनी वर्षं तिने पाहिलेली असतात. मासा कुठे असेल ते तिला ठाऊक असतं.

बायका एकदम भीमाबायकडे बघून हसल्या. तीही हसली, पदर तोंडाला लावून. नितेश दारात उभा होता. तोही हसत होता.

मग भीमाबायने विचारलं, "नि तिची पोरं? मोठी झाली का कुठं जातात?"

मला थांबता आलं असतं. थकलेय म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण इतकी वर्षं कुणी सरळ प्रश्न विचारला की मी सरळ उत्तर देत आलेय, आणि तोंडाला दुसरं वळणच नाही.

"तिकडच्या थंड पाण्यातले, मासा खाणारे कळप आहेत, त्यांत मुलगे कुठे जात नाहीत. जन्मभर आईच्या जवळ असतात. आपल्या समुद्रातल्यांचं कुणाला माहीत नाही, कुणी अभ्यासच केलेला नाही." शेवटचं वाक्य मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं. ते कुणीही ऐकलं नाही.

"नि ती मेली तर?"

"मग मुलगाही लवकर मरायची भीती असते. धडधाकट असला तरी."

मग एक म्हातारी म्हणाली, "बघ रं नितेश, जनावराला कलतं." दोघी-तिघी हसल्या. मी दाराकडे पाहिलं तर दारात कोणी नव्हतं. भीमाबायने सूप उचललं आणि ती आत गेली.

मला स्वतःची शरम वाटली. एका मुलाचं आयुष्य अडलं होतं आणि मी त्याच्यावर धडा घेऊन मोकळी झाले होते. सकाळी उठून सफाळ्याची एसटी धरावी असं मनात आलं. पण द्वादशीला होडी जाणार होती, आणि त्या पाण्यावर एकदा जाण्यासाठीच तर मी आले होते.

द्वादशी

सकाळी भरती ओसरायला लागली तशी होडी निघाली. निघताना भीमाबाय कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग हात उत्तरेकडे करून म्हणाली, "वरच्या जाग्यावर जा. तिथं मिलेल."

दोघे खलाशी पुढे, नितेश सुकाणाशी, मी मध्ये एका डब्यावर. नितेश माझ्याशी बोलत नव्हता. पाणी प्यायला हवं का, एवढं मात्र त्याने दोनदा विचारलं, आणि त्याने मला जास्तच लागलं. किनारा मागे पडला तसा मी दुर्बीण काढली. गढूळ पिवळसर पाणी, वर मळकं आभाळ, लांब एखाददुसरी होडी. डोळे दुखेपर्यंत मी काळं शीड शोधत होते. मग पोटात ढवळून आलं आणि पुढचा बराच वेळ मी होडीच्या काठावरून समुद्र फारच जवळून पाहिला. खलाशांपैकी एकाने माझी पाठ चोळली. "आमाला बी पयल्यांदा असंच झाल्तं, मावशी. आमी डोंगरातली मान्सं," तो म्हणाला. जगात चांगली माणसं आहेत आणि ती बहुधा आपण ओकत असताना भेटतात.

वरच्या जागेवर जाळं बांधून पाणी थांबेपर्यंत वाट पाहिली. ऑर्का आला नाही. तो येणार नाही हे मला अष्टमीलाच माहीत होतं, तरी मी वाट पाहिली. मग तिघांनी जाळं ओढलं. ओढताना त्यांच्या दंडावर जोर दिसत नव्हता, त्यावरूनच मला समजलं. प्लास्टिकच्या पिशव्या, जेलीफिशचा चिकट लगदा, मूठभर जवळा आणि थोडे बोंबील. नितेशने जेलीफिश हाताने बाहेर टाकायला सुरुवात केली. तो चिडलाही नाही. त्याची सवय झालेली बघून मला रडू आलं. वाऱ्याच्या नावावर मी डोळे पुसले.

दिवेलागणीच्या सुमाराला होडी लागली. बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. भीमाबाय पुढे झाली, होडीत वाकली आणि तिने पाहिलं. बोंबील तिने एकेक करून टोपलीत ठेवले. मग शेजारणीला म्हणाली, "मीच वरच्या जाग्यावर धाडलं व्हतं." शेजारीण म्हणाली, "असतं गं एखाद्या दिशी." भीमाबायने मान हलवली. "एखाद्या दिशी नाय."

शेजारणी पांगल्या. खलाशी होडी धुवायला लागले. नितेश जाळं वाळूवर ओढून चिकटलेला लगदा काढत बसला. मी गुंडाळलेल्या दोरखंडावर टेकले होते. भीमाबाय टोपली घेऊन माझ्यापाशी आली आणि खाली बसली.

"बाय, परवा तू सांगलंस ते खरं ना? शिकलेल्यांचं नुसतं बोलनं नाय?"

"खरं आहे. तिकडच्यांचं तरी खरं आहे."

"पोरं तिच्या मागं जातात. कारन मासा कुठं हाय ते तिला म्हाईत असतं."

"हो."

ती समुद्राकडे बघत होती. मला वाटलं, आता ती नितेशला हाक मारणार आणि माझ्या तोंडून पुन्हा वदवून घेणार. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवायला लागले.

"मना आता नाय म्हाईत," ती म्हणाली.

आवाज नेहमीचाच होता, सुकटीचा भाव सांगावा तसा. "पानी बदललं. पक्षी खोटं सांगतात. मी बोट करते, नि तो जातो. एकदा पन नाय म्हनत नाय. रिकामा येतो नि मना म्हनतो, आये, आज वारा व्हता. वारा नव्हता, बाय. मना दिसतं ना इथनं." मग तिने टोपलीतले बोंबील उगाचच सारखे केले. "म्हातारीला वाट नाय म्हाईत, तर पोरानं मागं मागं यून बुडायचं काय?"

याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही.

ती गुडघ्यावर हात रेटून उठली आणि जाळ्यापाशी गेली. नितेशने मान वर केली नाही.

"बोईसरला कलव त्यांना," ती म्हणाली. "येतो म्हनून सांग."

या एका शब्दासाठी तो कितीक दिवस थांबला होता. त्याने ऐकलं, हात थांबले, आणि परत चालू झाले. जाळ्याची ती एकच जागा तो धूत राहिला, स्वच्छ झाली तरी धूत राहिला. मग खालमानेनेच त्याने विचारलं, "आये, उद्या कुठल्या जाग्यावर जाव?"

भीमाबाय टोपली घ्यायला वळली.

"तुला वाटंल तिथं जा," ती म्हणाली, आणि टोपली डोक्यावर घेऊन घराकडे चालू लागली.